वाद्यांतली गुणगुण



विजेवर वाजणारी गिटार ज्या घरांत आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना दोन आवाजांची ओळख असते. एक वाजविणाऱ्याच्या बोटांचा, आणि दुसरा कोणी कांहीं वाजवीत नसतां येणारा. चिरंजीव वाद्य भिंतीला टेकवून जेवावयास उठतात आणि दिवाणखान्यांतील पेटी एकटीच गुणगुणत बसते. या दुसऱ्या आवाजाविषयीं आज मला बोलावयाचें आहे. आणि त्यांतहि, अमेरिकेंतून आणलेला ध्वनिवर्धक येथील विजेवर चालविण्यासाठीं मध्यें दाब उतरविणारें साधन जोडलें असतां जो आवाज येतो, त्याविषयीं. बाजारांत या साधनाला ‘कन्व्हर्टर’ म्हणतात आणि ध्वनिवर्धकाला ‘अँप्लिफायर’. हे शब्द आतां इतके रुळले आहेत कीं मीहि तेच वापरणार आहें.

मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबांतील मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं अमेरिकेंत जातात, दहा-पांच वर्षें राहतात, आणि परत येतांना त्यांच्या सामानांत एखादा अँप्लिफायर असतो. वजनानें तो गव्हाच्या पोत्याशीं स्पर्धा करतो, पण मागें टाकून येववत नाहीं. लिओ फेंडर नांवाच्या गृहस्थानें १९३८ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान काढलें. पुढें १९४६ च्या सुमारास त्याच्या नांवानें जे अँप्लिफायर निघूं लागले, त्यांची घडण बरीचशी त्या काळच्या रेडिओसारखीच होती : कांचेचे व्हॉल्व्ह, लोखंडी गाभ्याचे जड ट्रान्सफॉर्मर, आणि लाकडी खोक्यांत स्पीकर. अशा यंत्रांना साठ-साठ वर्षें झालीं तरी वादक तीं जिवापाड जपतात. लहानपणीं व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकलेल्या माझ्या वयाच्या माणसाला तर असें यंत्र तापूं लागलें म्हणजे येणारा धुळीचा आणि मेणाचा वासहि ओळखीचा वाटतो.

अमेरिकेंतील घरगुती वीज १२० व्होल्टांची, आणि तिचीं आवर्तनें सेकंदाला ६०. आपली वीज २३० व्होल्टांची, आणि आवर्तनें ५०. म्हणजे दोन विजांत भेद दोन आहेत, आणि कन्व्हर्टर त्यांपैकीं एकच मिटवितो. तो दाब निम्म्यावर आणतो. आवर्तनांना हात लावीत नाहीं. ही गोष्ट विकणारा सांगत नाहीं आणि घेणारा विचारीत नाहीं.

आवर्तनें कमी असल्यानें काय बिघडतें? ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यांतील चुंबकत्व विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनांत चढतें आणि उतरतें. अमेरिकेंत हें अर्धें आवर्तन सेकंदाच्या एकशेंविसाव्या भागांत आटोपतें. आपल्याकडे त्याला शंभरावा भाग मिळतो. तेवढा अधिक वेळ मिळाल्यामुळें, दाब तोच असला तरी, गाभ्यांतील चुंबकत्व एकपंचमांशानें अधिक चढतें. कारखानदारानें लोखंड सढळ हातानें घातलें असेल तर हा वाढावा तो गाभा सोसतो. काटकसर केलेली असेल तर लोखंड तुडुंब भरतें, ट्रान्सफॉर्मर तापतो, त्याचे पत्रे थरथरूं लागतात, आणि गाभ्यांत न मावलेलें चुंबकत्व बाहेर आसपासच्या जागेंत पसरतें. गिटारचा पिकप हा मुळांत चुंबक आणि त्याभोंवतीं गुंडाळलेली बारीक तार. त्याला असें भटकें चुंबकत्व चटकन ऐकूं येतें. आणि रात्रीं उशिरां, भार कमी झाल्यावर, आपल्या कांहीं भागांत दाब २४० च्या वर जातो. त्याचें निम्में १२० हून अधिक होतें आणि त्रासांत भर पडते. ज्या यंत्राच्या पाठीवर ‘५०/६०’ असे दोन्ही आंकडे छापलेले असतात त्याला ही भीति नाहीं. जुन्या यंत्रांवर बहुधा नुसते ६० असतात.

आतां कन्व्हर्टर. एकाच नांवाखालीं बाजारांत निदान तीन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात, आणि सर्व घोटाळ्याचें मूळ बहुतेक वेळां येथेंच असतें. पहिली वस्तु तळहातावर मावणारी, वजनाला हलकी, आणि वर मात्र ‘१६०० वॅट’ असा दांडगा आंकडा. प्रवाशांच्या केस वाळविण्याच्या यंत्रासाठीं ती बनविलेली असते. तिच्यांत ट्रान्सफॉर्मर नसतोच. विजेच्या प्रत्येक लाटेचा बराचसा भाग एका इलेक्ट्रॉनिक स्विचनें कापून टाकावयाचा आणि उरलेला तुकडा पुढें पाठवावयाचा, एवढेंच तिचें काम. उष्णतेच्या हिशेबानें असा तुकडा ११५ व्होल्टांच्या बरोबरीचा भरतो, म्हणून शेगडीला वा इस्त्रीला तो चालतो. पण त्या तुकड्याचें टोंक अमेरिकन विजेसारखें १७० व्होल्टांवर थांबत नाहीं. तें ३०० च्या आसपास पोहोंचतें. शिवाय ती लाट दर वेळीं एकदम, कडा तुटल्यासारखी सुरू होते. अँप्लिफायरला अशी वीज पाजणें म्हणजे गवयाला ठेंचा खाऊन गावयास बसविणें होय. आवाज फाटका येतोच, पण आंतील कंडेन्सरांचें आयुष्यहि धोक्यांत येतें.

दुसरी वस्तु म्हणजे ऑटो-ट्रान्सफॉर्मर. यांत तांब्याच्या तारेची एकच गुंडाळी असते आणि तिच्या मध्यावर फांटा काढलेला असतो. ही लाटेचा आकार बिघडवीत नाहीं. मात्र घरच्या विजेची एक तार यांतून जशीच्या तशी पुढें अँप्लिफायरपर्यंत जाते, हें ध्यानांत ठेवावें. त्याकडे मी पुढें येणार आहें. तिसरी वस्तु आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्यांत दोन गुंडाळ्या वेगळ्या असतात, त्यांत तारेचा संबंध नसतो, आणि त्याच वॅटांच्या ऑटो-ट्रान्सफॉर्मरहून तो पुष्कळ जड भरतो. या खरेदींत वजन हा बराच प्रामाणिक साक्षीदार आहे. पांचशें वॅटांचा म्हणून दिलेला ट्रान्सफॉर्मर एका बोटानें उचलतां आला, तर तो ट्रान्सफॉर्मर नाहीं.

वीज गेल्यावर घरांतील इन्व्हर्टर सुरू होतो आणि अँप्लिफायर एकाएकीं भुंग्यासारखा गुणगुणूं लागतो, असा अनुभव पुष्कळांना असेल. स्वस्त इन्व्हर्टरची लाट गोलाईची नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. त्याचा तो परिणाम. तेथें कन्व्हर्टरला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

गोंगाटाचें मूळ शोधावयाचें तर पेंचकस हातीं घेण्यापूर्वीं कान वापरावा असें माझें सांगणें आहे. प्रथम आवाज येतो कोठून तें पाहा. स्पीकरला कान लावा, मग कन्व्हर्टरला लावा. पुष्कळदां असें आढळतें कीं स्पीकर बिचारा गप्प आहे आणि कन्व्हर्टरचे लोखंडी पत्रेच थरथरत आहेत, व लाकडी कपाट तो आवाज मोठा करीत आहे. त्याच्याखालीं जुन्या घोंगडीची घडी ठेवली कीं भागतें. अंगावर मात्र कांहीं पांघरूं नये. त्याला वारा लागतो.

आवाज स्पीकरमधूनच येत असेल तर तो कोणत्या सुराचा आहे हें ओळखतां येतें, आणि तेथें वादकाचा कान फार उपयोगीं पडतो. गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या पट्टीवर दाबून हळूच छेडा. हा सूर सेकंदाला सुमारें ९८ कंपनांचा. अँप्लिफायरची गुणगुण १०० कंपनांची असेल तर दोन्ही आवाज जवळजवळ मिळतात आणि त्यांत सेकंदाला दोनदां येणारे सावकाश हेलकावे ऐकूं येतात. तंबोरा जुळविणाऱ्यांना हे हेलकावे सांगावयास नकोत. गुणगुण याहून एक सप्तक खालीं, खर्जांत, असेल तर ती ५० कंपनांची. हेंच यंत्र अमेरिकेंत असतां त्याची गुणगुण १२० वा ६० कंपनांची होती. म्हणजे तीन-चार पट्ट्या वर. ‘तिकडे याचा सूर निराळा होता’ असें मुलगा म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

१०० आणि ५० यांतील फरक जाणण्यासारखा आहे. अँप्लिफायरमध्यें विजेच्या उलटसुलट लाटा एकाच दिशेच्या करून घेतात. त्यामुळें खालच्या बाजूचे उंचवटेहि वर येतात आणि ५० चे १०० होतात. हे उंचवटे सपाट करण्याचें काम मोठ्या कंडेन्सरांचें. ते वाळले, म्हणजे त्यांच्यांतील ओलसर द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें आटलें, कीं १०० कंपनांची घुमारलेली गुणगुण सुरू होते. अशा गुणगुणीला कन्व्हर्टर जबाबदार नसतो. वय जबाबदार असतें. उलट ५० कंपनांची गुणगुण कोठें तरी घरची वीज थेट शिरल्याची खूण आहे. ती चुंबकत्वाच्या वाटेनें पिकपांत शिरते, आवरण तुटलेल्या केबलींतून शिरते, किंवा व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारांतून शिरते. आवाज गोल नसून खरखरीत असेल, खिडकींत अडकलेल्या भुंग्यासारखा, तर कापलेल्या लाटेचा संशय घ्यावा : तो हलका कन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिवा मंद करण्याचें बटण. तडतड असेल तर सैल जोड. अमेरिकन चपट्या पिना आपल्याकडील ‘युनिव्हर्सल’ भोंकांत हलत राहतात आणि प्रत्येक हालचालीला आंत ठिणगी पडते. आणि पावसाची लांबून यावी तशी बारीक सळसळ असेल तर ती व्हॉल्व्हची आणि आंतील प्रतिरोधांची स्वाभाविक आहे. तिला कोणीं औषध देऊं नये.

आमच्या शेजारच्या घरीं असाच एक अँप्लिफायर आला. १९६० च्या दशकांतला, ६० आवर्तनांचा. तो चालू केला कीं इतका खरखरे कीं खालच्या मजल्यावरील मंडळी वर पाहावयास येत. घरांतील कन्या गिटार वाजवी. तिनें सहा महिन्यांत हौस गुंडाळून ठेवली होती. त्या शोधाचा क्रम मी थोडा सविस्तर सांगतों, कारण तो बहुतेक घरांना लागू पडेल.

गिटारची केबल अँप्लिफायरमधून काढली. खरखर थोडी कमी झाली, पण राहिली. आवाजाचें बटण पार खालीं नेलें, तरी राहिली. म्हणजे तिचा कांहीं भाग तरी या बटणाच्या पुढून, वीजपुरवठ्याच्या बाजूनें येत होता. मग पेटीवर चालणाऱ्या लहान रेडिओचा मीडियम वेव्ह पट्टा लावला आणि कांटा दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवला. असा रेडिओ हातांत घेऊन घरभर फिरलें म्हणजे तो विजेचा गोंगाट हुंगून काढतो. कन्व्हर्टरजवळ नेतांच तो ओरडूं लागला. कन्व्हर्टर पाहिला तों तळहाताएवढा. कोणा दुकानदारानें ‘सर्व कांहीं चालतें’ म्हणून दिलेला. त्याच्या जागीं ऑटो-ट्रान्सफॉर्मर आणविला आणि भुंगा गेला.

त्याच्यामागें लपलेली गुणगुण मात्र आतां स्पष्ट ऐकूं येऊं लागली. एक गोंगाट हटला कीं त्याच्या पाठचा दिसतो. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हां ऐकावें. ही गुणगुण खर्जांतली होती, आणि गिटार जोडली तरच येई. गिटारचें स्वतःचें आवाजाचें बटण बंद केलें कीं थांबे. म्हणजे पिकप ऐकत होता. मुलीला गिटार घेऊन जागच्या जागीं सावकाश फिरावयास सांगितलें. एका दिशेला गुणगुण जोरांत, चतुर्थांश वळली कीं जवळजवळ नाहींशी. चुंबकत्वाला दिशा असते, तिचा हा पुरावा. ट्रान्सफॉर्मर अँप्लिफायरच्या शेजारीं, ती बसे त्या खुर्चीच्या पायाशींच ठेवलेला होता. तो दोन मीटर दूर नेला आणि तिची बसण्याची जागा अँप्लिफायरपासूनहि थोडी लांब केली. कन्व्हर्टर जवळ ठेवण्याचें कारण नसतें. पण त्याची दोरी आंखूड असते, आणि मनुष्य दोरीच्या लांबीप्रमाणें वागतो.

येथें पिकपाविषयीं एक गोष्ट सांगून ठेवतों. एका गुंडाळीचा पिकप असें भटकें चुंबकत्व नेहमींच उचलतो. अमेरिकेंतील गिब्सन कंपनींत काम करणाऱ्या सेथ लव्हर या अभियंत्यानें १९५५ सालीं दोन गुंडाळ्यांच्या पिकपाचें पेटंट मागितलें. दोन्ही गुंडाळ्या व त्यांचे चुंबक अशा उलटसुलट बसविलेल्या असतात कीं तारेचा सूर दोहोंत मिळून दुप्पट होतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना छेद देते. इंग्रजींत त्याचें नांवच ‘हम्बकर’, म्हणजे गुणगुणीला धक्का मारून घालविणारा. पण पुष्कळ वादकांना एका गुंडाळीचा स्वच्छ, कांचेसारखा नाद अधिक प्रिय वाटतो, आणि ते गुणगुण सोसतात. हा आवडीचा प्रश्न आहे, त्यांत शाळामास्तरानें पडूं नये.

खोली अजून पुरती शांत झाली नव्हती. पायानें दाबावयाच्या नाद-पेट्या, ज्यांना पेडल म्हणतात, त्यांचा अमेरिकन अडॅप्टरहि ट्रान्सफॉर्मरलाच जोडलेला होता. त्याच्यावर बारीक अक्षरांत ‘१००–२४०’ छापलें होतें. असे अडॅप्टर आपल्या विजेवर थेट चालतात. त्यांना कन्व्हर्टर नको. गोंगाट त्यांचाच आहे का हें पाहण्यासाठीं पेडल तात्पुरतीं बॅटरीवर चालवून पाहावीं. येथें फारसा फरक पडला नाहीं. पण पेडलांमागें संगणक जोडलेला होता, त्याची पिन दुसऱ्या भिंतीवरील बोर्डांत होती, आणि अँप्लिफायर व संगणक यांच्या जमिनीच्या तारा दोन वाटांनीं जमिनीला मिळत होत्या. अशा दोन वाटा आणि मधली केबल मिळून एक मोठें वेटोळें तयार होतें, त्यांत थोडासा प्रवाह फिरतो, आणि तो गुणगुणतो. दोघांची वीज एकाच बोर्डावरून घेतली आणि तो प्रश्न मिटला.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें भाषण देण्याचें मीं स्वीकारलें, ती. या मुलीला कोणा जाणत्यानें निराळाच उपाय सुचविला होता. प्लगची तिसरी पिन, म्हणजे अर्थची पिन, कापून टाक, गुणगुण थांबेल. आणि तिनें ती कापली होती. गुणगुण कमी झालीहि होती. कारण दोन वाटांपैकीं एक तुटल्यावर वेटोळें उरत नाहीं. हा सल्ला जगभर दिला जातो, आणि तो लागू पडतो, हेंच त्यांतलें विष आहे.

गिटारच्या तारा धातूच्या. त्या केबलच्या आवरणामार्गें अँप्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. वादकाचे दोन्ही हात त्या तारांवर. म्हणजे वाजविणारा मनुष्य सबंध वेळ त्या यंत्राच्या सांगाड्यालाच हात लावून बसलेला असतो. तो सांगाडा जमिनीला जोडलेला असला तर आंत कोणतीहि तार सुटून त्याला चिकटली तरी प्रवाह जमिनींत जातो, फ्यूज उडतो, आणि गोष्ट संपते. जोडलेला नसला तर जमिनीकडे जाण्याची उरलेली वाट म्हणजे वादक.

१९६० च्या दशकांतील पुष्कळ अमेरिकन यंत्रांत तीन पिना नव्हत्याच, दोन होत्या. गुणगुण कमी व्हावी म्हणून त्यांत विजेची एक तार आणि सांगाडा यांमध्यें एक लहानसा कंडेन्सर बसवीत. ज्या यंत्राविषयीं मी बोलतों आहें त्यांत तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा होता. यांतून एरवीं, सांगाडा जमिनीला जोडलेला नसल्यास, ११५ व्होल्टांच्या तारेवरून वादकाच्या अंगांत पावणेदोन मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जाऊं शकतो. झिणझिण्या येतात, इतकेंच. आतां मघाशीं सांगितलेला ऑटो-ट्रान्सफॉर्मर आठवा. त्याची एक तार घरच्या विजेशीं थेट जोडलेली. भिंतींतील सॉकेटांत वायरमननें लाल आणि काळी तार अदलाबदल करून ठेवली असेल, आणि तसें आढळतें, तर ही सामाईक तार जमिनीच्या मानानें २३० व्होल्टांवर जाते. वर दिसतांना ‘११५ व्होल्टांचें’ यंत्र, आणि आंत त्या कंडेन्सरवर त्याच्या दुप्पट ताण! झिणझिण्याहि दुप्पट होतात. आणि साठ वर्षांचा तो कंडेन्सर आंतून जुळून गेला, तर संपूर्ण दाब तारांवर येतो.

यांत आपल्या राहणीचाहि भाग आहे. अमेरिकेंतील मुलगा बहुधा बूट घालून, गालिच्यावर वा लाकडी जमिनीवर उभा राहून वाजवितो. आपण घरांत अनवाणी असतों, फरशीवर, आणि जुलै महिन्यांत ती फरशी ओलसर असते. जें यंत्र तिकडे वीस वर्षें निरुपद्रवी वाटलें तें येथें पहिल्या पावसाळ्यांत चावतें. ‘ओठ माइकला लागले कीं चटका बसतो’ असें ही मुलगी हंसत हंसत सांगत होती. माइक दुसऱ्या यंत्राला जोडलेला, तें यंत्र अर्थ केलेलें. एका हातीं गिटार, ओठांशीं माइक. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें भर कार्यक्रमांत माइकला हात लावतांच विजेच्या धक्क्यानें गेला. यार्डबर्ड्स या प्रसिद्ध वृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ सालीं स्वतःच्या घरांत गिटार वाजवीत असतां गेला. दोन्ही प्रसंगीं उणीव अर्थिंगची होती. त्या मुलीच्या आईला मीं या दोन गोष्टी सांगितल्या, तेव्हां तिनें उठून प्रथम मेन स्विच बंद केला.

अर्थिंग तपासणें कठीण नाहीं. सर्व पिना भिंतींतून काढून ठेवाव्या. साधें मल्टीमीटर ओहमवर लावावें. त्याची एक सुई अँप्लिफायरच्या प्लगच्या अर्थ पिनेला आणि दुसरी त्याच्या सांगाड्यावरील उघड्या स्क्रूला. आंकडा एका ओहमहून कमी यावा. मग तशीच कन्व्हर्टरच्या भिंतीकडील अर्थ पिनेपासून त्याच्या पुढच्या भोंकांपैकीं अर्थच्या भोंकापर्यंत. पुष्कळ कन्व्हर्टरांना हें तिसरें भोंक असतें, पण त्याच्यामागें तार जोडलेलीच नसते. असा कन्व्हर्टर दुकानदाराला परत करावा. भिंतींतील सॉकेट मात्र परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावें. आपल्या तीन पिनांच्या प्लगांत अर्थची पिन जाड आणि लांब असते ती उगीच नव्हे. ती सर्वांआधीं जोडली जावी आणि सर्वांत शेवटीं सुटावी अशी योजना आहे. वरच्या भोंकांत पेन्सिल खुपसून खालीं दोन पिनांचा प्लग बसविण्याची जी कला आपल्या घराघरांत आहे, तिच्यापुढें ही योजना हात टेकते. घरांत ३० मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी. असणें चांगलेंच, पण त्याच्या भरंवशावर अर्थची तार सोडूं नये.

अँप्लिफायरची पाठ घरीं उघडूं नये. व्हॉल्व्हच्या यंत्रांत ४०० व्होल्टांच्या आसपास दाब असतो, आणि पिन काढल्यावरहि कंडेन्सर तो कांहीं काळ धरून ठेवतात. शेजाऱ्यांचें यंत्र जुन्या रेडिओंवर हात बसलेल्या एका कारागिराकडे नेलें. त्यानें तो घातकी कंडेन्सर काढला, तीन तारांची नवी दोरी बसविली, आणि वाळलेले मोठे कंडेन्सर बदलले. त्याबरोबर १०० कंपनांची उरलीसुरली गुणगुणहि गेली.

नवा ट्रान्सफॉर्मर घ्यावयाचा असेल तर मुंबईस लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत तो मिळतो वा गुंडाळून मिळतो. सांगतांना नुसतें ‘एकशें दहाचा द्या’ म्हणूं नये. २३० चा ११५, ५० आवर्तनांचा, दोन गुंडाळ्या वेगळ्या, अर्थची तार या टोंकापासून त्या टोंकापर्यंत अखंड, आणि क्षमता यंत्राच्या पाठीवर लिहिलेल्या वॅटांच्या दीडपट ते दुप्पट, असें सांगावें. यंत्र जन्मभर येथेंच राहणार असेल तर आणखी बरा मार्ग आहे. अँप्लिफायरच्या आंतीलच ट्रान्सफॉर्मर बदलून २३० व्होल्ट व ५० आवर्तनांसाठीं घडविलेला बसवून घ्यावा. मग कन्व्हर्टरची गरजच उरत नाहीं, आणि लोखंड तुडुंब भरण्याचा तो मूळचा त्रासहि मिटतो. जुना ट्रान्सफॉर्मर टाकूं नये. जुन्या यंत्राची किंमत करणारे लोक तो मागतात.

तोंवर एक काळजी घ्यावी. अमेरिकन चपटी पिन आपल्या ‘युनिव्हर्सल’ सॉकेटांत थेट शिरते, आणि झाडलोट करणारीला वा पाहुण्याला कन्व्हर्टर हें काय प्रकरण आहे तें ठाऊक नसतें. ११५ व्होल्टांचें यंत्र २३० ला जोडलें तर फ्यूजच्या आधीं काय काय जाईल तें सांगवत नाहीं. म्हणून त्या प्लगला लांबून दिसेल अशी खूण बांधून ठेवावी. शेजारच्या मुलीनें तिच्या भावाची गेल्या श्रावणांतली राखी बांधून ठेवली आहे. आणि हल्लीं संध्याकाळीं भिंतीपलीकडून मला गिटार तेवढी ऐकूं येते.